एका थेंबाच्या चेहऱ्यास

भिलाई, जि. दुर्ग,
छत्तीसगड

प्रिय पिवळ्या चेहऱ्या,



एका डोळ्याखाली निळा थेंब आणि खाली वळलेले ओठ, एवढ्या भांडवलावर तू आमच्या शहरात दिवसभर किती कामं करतोस, ते आधी तुझ्यापुढे मांडते. सकाळी कुणी लिहितं, ‘गाडी चार तास लेट’, आणि शेवटी तू. दुपारी ‘कैरीचं लोणचं नासलं’, आणि तू. संध्याकाळी ‘भाच्याचं जेईई थोडक्यात हुकलं’, आणि तू. रात्री ‘बाबांना सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलंय’, आणि तू. पहाटे ‘आजी गेल्या’, आणि पुन्हा तूच, या वेळी एकाखाली एक, पंधरा-वीस जणांकडून. नासलेल्या लोणच्याला आणि गेलेल्या आजीला एकच चेहरा, म्हणून लोक म्हणू लागले आहेत की तुला काही अर्थच उरला नाही.

मला ते पटत नाही. तुला अर्थ आहे आणि तो मोलाचा आहे. आम्ही तो अर्ध्यावर सोडून देतो, हे माझं दुखणं आहे. दोन्ही गोष्टी नीट सांगाव्यात म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते पाकिटात बंद न करता उघडं ठेवते, कारण ते जितकं तुझ्यासाठी आहे तितकंच तुला रोज पाठवणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी आहे.

तुझं घराणं कुठलं, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. तुझा पूर्वज पोलादाच्या गावात जन्मला. अमेरिकेतलं पिट्सबर्ग. अँड्र्यू कार्नेगी यांनी पोलादात कमावलेल्या पैशातून १९०० साली तिथे शिक्षणसंस्था काढली, तिचंच पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठ झालं. तिथल्या संगणक विभागातली माणसं एका सामायिक फलकावर एकमेकांना लिहीत असत. १९८२च्या सप्टेंबरात त्या फलकावर एक कोडं रंगलं: लिफ्ट दोर तुटून खाली कोसळू लागली, तर आतल्या पेटत्या मेणबत्तीचं आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यावर कुणीतरी गमतीने इशारा लिहिला, की एका प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा पसरला आहे. ज्यांनी मागचं बोलणं वाचलं नव्हतं, त्यांना तो इशारा खरा वाटला. मग प्रश्न आला, की लिहिलेल्या शब्दांत आवाज नसतो, चेहरा नसतो, तर गंमत कोणती आणि खरं कोणतं, हे वाचणाऱ्याला कळावं कसं?

१९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी तोडगा सुचवला. गंमत असेल तिथे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि बंद होणारा कंस काढावा; मान कलती करून पाहिलं की हसरा चेहरा दिसतो. आणि जी गोष्ट गमतीची नाही तिच्यापुढे तीच चिन्हं काढावीत, फक्त कंस उघडणारा असावा. तो खाली वळलेल्या ओठांचा चेहरा म्हणजे तुझा पूर्वज. त्याचं पहिलं काम रडणं नव्हतं. ‘ही गंमत नाही’ एवढं सांगायला तो जन्माला आला. लोकांनी त्याला लवकरच दुःखाच्या कामाला लावलं, पण त्याच्या रक्तातली ती पहिली गोष्ट तुझ्यात आजही आहे. लोणच्यापासून आजीपर्यंत तू जिथे जिथे येतोस, तिथे तुझं म्हणणं एकच असतं: मी हे हसण्यावारी नेत नाही.

पोलादाच्या दुसऱ्या गावात राहणाऱ्या आम्हाला हे समजायला वेळ लागू नये. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. तेव्हापासून इथलं घर न् घर शिफ्टच्या घड्याळावर चालत आलं आहे. वितळलेलं लोखंड आणि गॅसच्या लाइनी यांच्यामध्ये ज्यांचे दिवस जातात, त्यांना इशारा आणि गंमत यांतला फरक जन्मभर जपावा लागतो. १२ जून २०१४ रोजी प्लांटमध्ये गॅसगळती होऊन सहा माणसं गेली. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या भागात गॅसच्या पाइपलाइनवर स्फोट झाला आणि पुन्हा कितीतरी घरांवर आकाश कोसळलं. प्लांटमध्ये काही झाल्याची कुणकुण लागली की टाउनशिपमधल्या फोनांवर पहिला प्रश्न एकच फिरतो: ‘कोणत्या शिफ्टला होते?’ उत्तर येईपर्यंत ‘काही नाही होत गं’ म्हणून कुणी वेळ मारून नेत नाही. तुझा अर्थ आम्ही तुझ्या आधीपासून जगत आलो आहोत.

तुझ्या चेहऱ्याची घडणही बघण्यासारखी आहे. पिट्सबर्गच्या चिन्हात दुःख ओठांत होतं. जपानी लोक तेच दुःख डोळ्यांत काढत: दोन अर्धविराम आणि मधे एक रेघ, की डोळ्यांतून धार लागलेली दिसते. मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अभ्यास करून दाखवलं, की समोरच्याचा भाव ओळखताना जपानी माणसं डोळ्यांकडे अधिक पाहतात आणि अमेरिकन माणसं तोंडाकडे. तू दोन्हीकडचं घेतलंस. तुझे ओठ वळलेले आहेत आणि डोळाही भरलेला आहे. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी एनटीटी डोकोमोच्या मोबाइल सेवेसाठी १७६ छोटी चित्रं काढली, प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत. पुढे २०१० मध्ये युनिकोडने अशा चेहऱ्यांना जगभर चालणारे क्रमांक दिले. भिलाईतून निघालेला तू पुण्याच्या किंवा टोरांटोच्या फोनवर तूच म्हणून उतरू लागलास, तो त्यामुळे.

क्रमांक एक असला तरी वाचणारी नजर एक नसते. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना असे चेहरे दाखवून विचारलं, की यात भाव चांगला, वाईट की मधला? हुबेहूब एकच चित्र पाहणाऱ्यांतही सुमारे पंचवीस टक्के वेळा मतभेद झाले. आमच्या घरांत याचा पडताळा रोज येतो. तुझ्या भावंडांत थेंब कुठे आहे यावर सगळं ठरतं. डोळ्याखाली असेल तर रडू, कपाळाच्या कडेला असेल तर घाम किंवा धास्ती, आणि नाकाशी असेल तर ती झोप, कारण जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी फुगा काढायची रीत आहे. आमच्या पिढीला हे कोण सांगणार? कितीतरी काका-मावश्यांनी निधनाच्या बातमीखाली तो झोपेचा चेहरा अगदी मनापासून पाठवला आहे. त्यांना कुणी चूक काढून दाखवू नये. थेंबाची जागा चुकली, भावना चुकलेली नव्हती.

तुझा एक थोरला भाऊ आहे, दोन्ही डोळ्यांतून धारा वाहवणारा. नव्या मुलांनी त्याला हसण्याच्या कामाला लावलं आहे. मैत्रिणीची फजिती वाचून मुलगी त्याला पाठवते, म्हणजे हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आजी तो वाचते आणि काळजीत पडते, की पोरीला झालं तरी काय. मुलांनी भाषा बदलली तर त्यात गैर काही नाही. प्रत्येक पिढी तेच करते. पण एक गोष्ट मी पाहते आहे. हीच मुलं खरोखर वाईट वाटलं की त्या धो धो रडणाऱ्याला बाजूला ठेवतात आणि तुझ्याकडे येतात. एकच थेंब असलेल्या चेहऱ्याकडे. गंमत नाही हे सांगायचं असलं की त्यांनाही तूच लागतोस.

आता लहान दुःखांविषयी. तुझं खरं राज्य तिथे आहे, आणि ते कमी लेखू नये. पुण्याच्या पीजीमधून मुलगी लिहिते, ‘आजपण दोडकं’, आणि तू. तिची तक्रार दोडक्याविषयी नसते. आईने ‘अगं बाई, मग खाल्लंस काय?’ एवढं विचारावं, हे तिचं मागणं असतं. मागणं सरळ तोंडाने करायला लाज वाटते, म्हणून ती तुला पुढे करते. मग आई उलट तुलाच पाठवते, आणि तिथे तुझं काम वेगळं होतं: वाचलं गं, वाईट वाटलं. तिसरं काम नकार मऊ करण्याचं. ‘या वर्षी महालक्ष्म्यांना सुट्टी नाही मिळत आहे’ हे वाक्य नुसतं आलं असतं तर बोचलं असतं. तुझ्यासकट आलं की सासूबाईंना कळतं, सुनेला यायचं होतं. नागपूर-गोंदियाकडून आलेल्या आमच्या घरांत महालक्ष्म्यांना न येणं ही काही लहान गोष्ट नाही. तो नकार तू सोसण्यासारखा करतोस, नाती सांभाळतोस.

एकच चेहरा सगळीकडे कसा चालतो, असं विचारणाऱ्यांना मी संस्कृत कवी भवभूतीची आठवण करून देते. त्याने आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर सांगितलं, आणि संशोधक वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचं पद्मपूर मानलं. दुर्गहून नागपूरला जाताना गोंदियाच्या आधी आमगाव स्टेशन लागतं. आमच्या नेहमीच्या वाटेवरचं आहे ते. या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त असा विचार मांडला, की मुळात रस एक करुणच आहे, बाकीचे सारे त्याचीच निरनिराळी रूपं आहेत. इतक्या मोठ्या कवीला सगळ्या भावनांच्या तळाशी एकच करुण दिसला. मग दोडक्याच्या आणि दवाखान्याच्या निरोपाला एकच थेंब लावणारी आमची मुलं फार चुकली, असं मी कसं म्हणू?

आणखी एका गोष्टीसाठी तुझे आभार मानायचे आहेत. प्लांटमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली आमच्या घरांतली वडीलधारी माणसं दुःखाच्या वेळी कामाला लागत. मुलीची पाठवणी चालू असली की वडील बाहेर जाऊन मांडववाल्याचा हिशेब करत उभे राहत. भाऊ गेला तर लाकडांची, गाडीची, जेवणाची सोय बघत. ‘मला वाईट वाटलं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून बायकोनेही कधी ऐकलेलं नसे. तीच माणसं निवृत्त झाली आणि मुलांनी त्यांच्या हातात फोन दिला. नातीने ‘आबा, ताप आलाय’ असं लिहिलं, आणि उत्तरात आबांनी एकही शब्द न लिहिता फक्त तुला पाठवलं. शब्द त्यांना आयुष्यभर जड गेले होते. तू त्यांना पेललास. घरातल्या बायकांनी तो फोन एकमेकींना दाखवला असेल, तर त्याचं नवल वाटू नये. त्या माणसाच्या मनात काय आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच लिहिलेलं पाहिलं होतं.

आता माझ्या दुखण्याकडे येते.

भिलाईत दुःख कसं वाटून घेतलं जात असे, ते तुला ठाऊक असायला हवं. प्लांट उभा राहिला तेव्हा केरळ, आंध्र, बंगाल, ओडिशा, पंजाब, बिहार, सगळीकडून माणसं आली. मराठी माणसांना हा मुलूख परका नव्हता. १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, आणि १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. शेजारच्या राजनांदगावात दिग्विजय महाविद्यालयात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरात वाढले आणि हिंदीचे मोठे कवी झाले. दोन भाषांत जगणं इथल्या पाण्यातच आहे. तरी दुःखाच्या वेळी दुसरी भाषा अडखळते. समोरच्या क्वार्टरमधल्या मल्याळी बाईंची आई तिकडे केरळात गेली, तर मराठी शेजारणीने त्यांना काय म्हणावं? तिची हिंदी तुटकी, त्यांचीही तुटकी. ती काही म्हणत नसे. जाऊन बसत असे. सतरंजीवर तासभर बसून, स्वयंपाकघरात चहा टाकून, मुलांना आपल्याकडे जेवायला नेऊन ती परत येई. ‘जाऊन बसणं’ हेच भिलाईचं सांत्वन होतं. त्याला भाषा लागत नसे, माणूस लागत असे.

मग २०२१चा एप्रिल आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत दुर्ग जिल्हा फार होरपळला. ६ एप्रिलपासून इथे कडक लॉकडाउन लागला. आमच्या प्लांटमधून देशभर ऑक्सिजन जात होता, आणि आमच्याच गल्ल्यांत माणसं श्वासासाठी झुंजत होती. रोज फोन उघडायची भीती वाटे. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरात जाऊन बसण्याची सोय उरली नव्हती. खांदा द्यायला चार जण मिळणं कठीण होतं. त्या महिन्यात आम्ही तुला किती वेळा पाठवलं असेल, याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या एकाही वेळेला कुणी तुला पोकळ म्हणू नये. सगळी दारं बंद होती. जे एक उघडं होतं, त्यातून तू आत गेलास आणि त्या घराला सांगितलंस, की बाहेर माणसं आहेत आणि त्यांना हे कळलं आहे. तेव्हा तू आमच्या वतीने जाऊन बसलास. मी ते उपकार विसरणार नाही.

दारं पुन्हा उघडली. आमची सवय मात्र तिथेच राहिली. आता सेक्टर सहामधल्या माणसाला सेक्टर दहात जायला स्कूटरने काही मिनिटं लागतात, रस्ता रुंद आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत, अडवणारं कुणी नाही. तरी बातमी येते, आम्ही तुला पाठवतो, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजून पुढचा निरोप उघडतो. २०२२च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपने निरोपावरच खूण चिकटवायची सोय केली. सुरुवातीला सहा खुणा होत्या आणि त्यांत तू होतास. तेव्हापासून वेगळी ओळ लिहिण्याचीही गरज उरली नाही. बातमीवर बोट दाबून ठेवलं की तू तिच्या खालच्या कडेला चिकटतोस, आणि शेजारी आकडा वाढतो. ज्यांच्या घरी मृत्यू झाला, ते रात्री फोन पाहतात तेव्हा त्यांना तुझ्या बाजूला एकोणीस किंवा सव्वीस दिसतं. दुःखाला आलेली माणसं पूर्वी कुणी मोजत नसे. कोण आलं ते लक्षात राही, आणि आलेल्याने काय केलं ते जन्मभर लक्षात राही.

२०१८च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोहोचली आणि उघडली गेली, हे तिथल्या खुणांवरून ग्राह्य धरलं. न्यायालयाला तेवढं पुरेसं होतं. ज्याचे वडील गेले आहेत त्याला आपला निरोप उघडला गेला, एवढंच कळून काय मिळणार? भरताच्या नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक मानला आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हात कसा हलवावा, मान कशी वळवावी, हे नटाला शिकवता येतं. हे आठ मात्र मन त्या प्रसंगात पूर्ण उतरल्याशिवाय येत नाहीत. तुझा थेंब अंगठ्याच्या एका स्पर्शाने येतो. त्यामागे मन उतरलं होतं की नाही, हे त्या थेंबावरून ओळखायचा मार्ग नाही. यात तुझा दोष काही नाही. तुझ्या मागून आम्ही काय पाठवतो, त्यावरूनच ते कळणार.

जुन्या लोकांना हे नीट समजलेलं होतं. आमच्या आज्यांच्या काळात मृत्यूची बातमी कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डावर येत असे. वर ‘श्री’ नसे. पोस्टमनच्या हातात ते कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच घरातल्यांच्या पोटात गोळा येई. फाटलेला कोपरा ही तुझ्यासारखीच खूण होती. शब्दांच्या आधी ती सांगे की ही बातमी वेगळी आहे. पण त्या खुणेनंतर काय करायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कार्ड वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आंघोळ करायची. सुतक किती ते मोठ्यांना विचारायचं. ज्याला जाणं शक्य आहे त्याने पिशवी भरून स्टेशन गाठायचं, आणि ज्याला शक्य नाही त्याने त्याच दिवशी पत्र लिहायचं. तारेचंही तेच होतं. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तोवर ‘तार आली’ म्हटलं की घरातलं कुणीतरी चपला घालायला लागे. खुणेपासून कामाला सुरुवात होई. आम्ही तुझ्यापाशी येऊन काम संपवलं.

म्हणून तुझ्या पूर्वजाकडे मी पुन्हा वळून पाहते. फालमन यांनी हसण्यासाठी बंद होणारा कंस घेतला आणि न हसण्यासाठी उघडणारा. मान कलती केली तर चेहरा दिसावा, एवढाच त्यांचा हेतू होता. पण मी मराठी शाळेत शिकलेली बाई आहे. आमच्या बाईंनी शिकवलं होतं, की कंस उघडला तर आत काहीतरी लिहून तो बंद करायचा. तुझ्यात तो उघडलेला कंस आहे असं मी मानते. आत काय लिहायचं ते आम्ही ठरवायचं आहे.

ते फार अवघड नाही. दुःखाच्या घरी लांबलचक मजकूर लागत नाही. ‘तुझ्या आईच्या हातची पातोडीची भाजी मी विसरणार नाही’ एवढं लिहिलं तरी त्या घरात आई दोन मिनिटं पुन्हा वावरते. ‘उद्या सकाळचा डबा आमच्याकडून येईल’ हे लिहिलं तर त्यांची एक चिंता कमी होते. ‘मी पाच वाजता येते आहे’ हे तर सगळ्यांत चांगलं, आणि ते लिहून मग खरंच जावं. ‘काही लागलं तर सांग’ मात्र लिहू नये. ज्याचं माणूस गेलं आहे त्याला काय लागतं हे त्यालाच कळत नसतं, मग तो सांगणार काय? परगावी असलेल्यांनी फोन लावावा. पलीकडून कुणी बोललं नाही, नुसतं रडलं, तर ऐकत राहावं. दवाखान्यातल्या माणसाच्या घरच्यांना रात्रीची पाळी बदलून देणारं कुणी हवं असतं. तुला पाठवून झाल्यावर यातलं एक तरी काम करावं, म्हणजे तुझा थेंब खरा ठरतो.

एका प्रसंगाविषयी तुला वेगळं सांगायचं आहे. कधी कधी तू रात्री उशिरा एकटाच येतोस. मागे बातमी नाही, पुढे वाक्य नाही. कोटा असो, पुणे असो की इथलंच हॉस्टेल, दूर शिकणाऱ्या मुलाकडून, नव्या गावात लग्न होऊन गेलेल्या मुलीकडून, एकट्या राहणाऱ्या मोठ्या माणसाकडून. भिलाई हे शिकवणी वर्गांचं गाव. इथल्या घराघरांत मुलांच्या रँकची चर्चा चालते आणि मनाची चर्चा क्वचितच होते. अशा वेळी उत्तरात तुलाच परत पाठवणं, ही फार मोठी उपेक्षा आहे. ज्याने नुसता चेहरा पाठवला, त्याला सांगायचं खूप आहे आणि सुरुवात सापडत नाही. त्याला लगेच फोन करावा. ‘झोपला नाहीस अजून?’ एवढ्याने सुरुवात होते. त्याचं बोलणं आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं, जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नये, आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला त्याला सोबत करावी. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून चालवलेली ही सेवा आहे. हा क्रमांक घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असायला हवा.

तेव्हा पिवळ्या चेहऱ्या, तुझ्याकडे माझं मागणं असं. लहान दुःखांत तू आहेस तसाच राहा. पीजीतल्या मुलीसाठी, सुट्टी न मिळालेल्या सुनेसाठी, शब्द न सापडणाऱ्या आबांसाठी तू पुरेसा आहेस. तिथे तुझ्यावर कुणी जास्त ओझं टाकू नये. मोठ्या दुःखात तू सगळ्यांच्या आधी पोहोच, कारण तुझ्याइतकं लवकर कुणालाच पोहोचता येत नाही. पण तिथे तुला एकट्याला पाठवून आम्ही निवांत बसलो, तर आम्हाला निवांत बसू देऊ नकोस. ‘मी हे हसण्यावारी नेत नाही’ असा शब्द तू आमच्या नावाने देऊन आलेला असतोस. दिलेला शब्द आमचा आहे. तो पाळायला आम्हीच उठून गेलं पाहिजे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
भिलाईतली एक मराठी बाई